बटाट्याच्या खोऱ्यातले सहा दिवस

लेक सॉल्ट लेक सिटीला राहते. यंदा गौरी-गणपती तिच्याकडेच केले आणि विसर्जनानंतर कुठंतरी जाऊन यायचं ठरलं. जावयांनी ग्रँड कॅन्यन सुचवलं, हिला लास व्हेगासचे दिवे बघायचे होते. मी म्हणालो, मला एखादं लहानसं गाव दाखवा. शेती असलेलं, पाट असलेलं. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर. परदेशात गेलो तरी डोळे पाणीच शोधतात.

लेकीनं दोन दिवस शोधाशोध केली आणि नाव काढलं: एस्कलांटे. युटा राज्याच्या दक्षिणेला, गारफील्ड काउंटीत, वस्ती आठशेच्याही आत. "बाबा, वाळवंटात पाट खणून वसवलेलं गाव आहे. जेमतेम दीडशे वर्षं झाली असतील. आणि त्या जागेचं आधीचं नाव काय होतं माहितीय? पोटॅटो व्हॅली. बटाट्याचं खोरं."

तेवढ्यावर मी बॅग भरली.

पहिला दिवस: सॉल्ट लेक सिटी ते पँग्विच

दिवस गाडीतच गेला. चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, डावीकडे डोंगर, उजवीकडे मोकळं माळरान. दुपारी रस्त्याकडेच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

या प्रदेशात वस्ती कशी झाली, हे लेकीनं गाडी चालवता चालवता सांगितलं. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची माणसं छळाला कंटाळून १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. त्यांच्या पुढच्या तुकडीनं खोऱ्यात उतरल्या उतरल्या काय केलं, तर ओढा अडवला. सिटी क्रीकचं पाणी जमिनीवर सोडलं, कारण जमीन इतकी कडक होती की नांगर शिरेना. मग त्यांचा प्रमुख ब्रिगम यंग यानं चहूकडे माणसं पाठवून एकेक खोरं वसवायला घेतलं. पाच-पन्नास कुटुंबं, बैलगाड्या, बियाणं आणि फावडी, एवढंच घेऊन लोक निघत.

पँग्विच हे त्यातलंच एक, १८६४ सालचं. इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांच्या भाषेत पँग्विच म्हणजे मोठा मासा. समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांवरचं गाव, पहिल्याच वर्षी पीक हाती लागलं नाही. हिवाळ्यात लोक उपाशी मरायची पाळी आली तेव्हा सात जण पीठ आणायला डोंगर ओलांडून पॅरोवानला निघाले. बर्फ इतका भुसभुशीत की पाय कमरेपर्यंत जात. मग त्यांनी अंगावर घ्यायच्या गोधड्या बर्फावर अंथरल्या, त्यावरून चालायचे, मागची उचलून पुढं अंथरायची, पुन्हा चालायचं. असे ते गेले आणि पीठ घेऊन आले. गाव आजही दर वर्षी त्या गोधड्यांचा उत्सव करतं. ही ऐकत होती. तिच्या आईच्या हातची गोधडी आमच्या घरी अजून आहे. रात्री खोलीवर ती एवढंच म्हणाली, "गोधडी अंथरून रस्ता केला म्हणायचा."

दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, मूळ रहिवासी आणि वसाहतकार यांच्यातल्या लढाईमुळे हे गाव ओस पडलं आणि १८७१ मध्ये पुन्हा वसलं. आज दिसतात ती लाल विटांची टुमदार घरं त्या दुसऱ्या खेपेची.

दुसरा दिवस: ट्रॉपिकचा पाट

सकाळी ब्राइस कॅन्यन पाहिलं. केशरी-गुलाबी दगडांचे हजारो सुळके, कुणी दिंडी थांबवून ठेवल्यासारखे. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी फार लिहीत नाही. माझं मन अडकलं ते पुढं, बारा नंबरच्या महामार्गालगत. मॉसी केव्ह नावाची एक छोटी पायवाट आहे. लाल दगडांच्या कोरड्या घळीत मधोमध खळखळतं पाणी. जावई म्हणाले, ओढा आहे. मी म्हणालो, हा ओढा नाही. वरच्या उतारावर एवढ्या पाण्याला पुरेल असं पाणलोटच दिसत नव्हतं.

खरंच तो ओढा नव्हता. तो ट्रॉपिक गावाचा पाट होता.

खाली पारिया नदीच्या खोऱ्यात वस्ती करायला आलेल्या लोकांना जमीन मिळाली, हवा पँग्विचपेक्षा उबदार मिळाली, म्हणून तर त्यांनी गावाला ट्रॉपिक हे नाव दिलं. पाणी मात्र नव्हतं. पाणी होतं पठारावर, सेव्हियर नदीच्या पूर्व फाट्यात, आणि ती नदी वाहते उलट्या दिशेला. सेव्हियरचं पाणी समुद्राला मिळतच नाही, ते ग्रेट बेसिन नावाच्या बंदिस्त खोलगटात जिरतं. पारियाचं पाणी कोलोरॅडो नदीला जातं. म्हणजे एका खोऱ्यातलं पाणी डोंगराच्या कडेवरून दुसऱ्या खोऱ्यात उतरवायचं होतं. आपल्याकडे कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगदे पाडून कोकणात उतरवलं, तीच जात. इथं ते १८९० ते १८९२ या दोन वर्षांत खेडुतांनी कुदळ-फावड्यानं केलं. सुमारे दहा मैलांचा पाट. २००२ च्या दुष्काळाचा अपवाद सोडला तर तेव्हापासून दर वर्षी हे पाणी गावाला मिळत आलं आहे.

मी काठावर बसून राहिलो. कालव्याची आखणी करताना समतल रेषा धरून चालणं काय असतं, ते मी उमेदीच्या वर्षांत लेव्हल घेऊन केलं आहे. उतार थोडा जास्त झाला तर काठ खचतात, कमी झाला तर गाळ साचतो. आमच्या हाताशी उपकरणं होती, नकाशे होते, वर अभियंते होते. या लोकांकडे गरज होती आणि हातात कुदळ.

पाण्याचा वेग मोजावासा वाटला. झाडाचं पान सोडायचं आणि सेकंद मोजायचे, एवढंच. पण तेवढ्यात पश्चिमेकडून गडगडाट झाला. अशा घळीत मैलभर दूर पडलेला पाऊसही भिंतीसारखा अंगावर येतो, लेकीनं लगेच उठवलं. पान हातातच राहिलं.

तिथून पुढं कॅननव्हिल, हेन्रीव्हिल ही चिमुकली गावं लागतात, मग निळ्या-करड्या मातीच्या बोडक्या टेकड्या, जिथं गवताचं पातंही नाही. तासभर असा ओसाड मुलूख गेला आणि रस्त्यानं वळण घेतलं तशी खाली एकदम हिरवी पट्टी दिसली. कॉटनवुडच्या झाडांची रांग, घासाची शेतं, घरांची कौलं. एस्कलांटे. इकडचे लोक शेवटचा स्वर गाळून 'एस्कलँट' म्हणतात.

तिसरा दिवस: गावठाण

पहाटेच उठून एकटा चालायला निघालो. पाच हजार आठशे फुटांची उंची, सप्टेंबरातही हातमोजे लागावेत अशी थंडी. गल्ल्या सरळ, काटकोनात, आणि आपल्याकडच्या हायवेला शोभतील एवढ्या रुंद. प्रत्येक घराच्या मागं लाकडी गोठा, चाऱ्याचं छप्पर, दोन-चार सफरचंदाची नाहीतर जर्दाळूची झाडं. गावाच्या आत! शेतं मात्र गावाबाहेर.

थोडं चाललो आणि लक्षात आलं की हे तर आपलं गावठाण आणि शिवार. अमेरिकेत शेतकरी असा राहत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला १६० एकर जमीन मिळायची, पण अट अशी की त्याच जमिनीवर घर बांधून राहायचं. त्यामुळं मैल-मैल अंतरावर एकेकटी घरं उभी राहिली. आपल्याकडच्या भाषेत सगळा देश मळ्यावर राहायला गेला. मॉर्मन लोकांनी मात्र घरं एकत्र ठेवली. प्रार्थनेला, शाळेला, नाटकाला, बाळंतपणाला शेजार हवा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाटाच्या कामाला माणसं हवीत. लाउरी नेल्सन या समाजशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात मॉर्मन खेड्यांच्या रचनेचा अभ्यास केला, तेव्हा एस्कलांटे हे त्यानं पाहिलेल्या गावांपैकी एक होतं.

गावाची सुरुवात अशी झाली. १८६६ मध्ये कॅप्टन जेम्स अँड्रस याची घोडदळाची तुकडी या बाजूला आली, त्यांना रानबटाटे सापडले, म्हणून पोटॅटो व्हॅली. पुढं पँग्विचच्या थंडीला कंटाळलेले काही लोक १८७५ मध्ये जागा पाहायला आले. ऑगस्टमध्ये त्यांची गाठ पडली अॅल्मन थॉम्प्सनशी. कोलोरॅडो नदीच्या प्रदेशाचं सर्वेक्षण करणाऱ्या मेजर पॉवेलचा हा मुख्य मोजणीदार. इथली नदी त्याच्याच चमूनं १८७२ मध्ये नकाशावर आणली होती, आणि देशाच्या मुख्य भूभागात सर्वांत शेवटी नकाशावर आलेल्या नद्यांत तिची गणना होते. थॉम्प्सननं त्यांना सुचवलं, गावाला एस्कलांटे म्हणा. सिल्व्हेस्त्रे वेलेस दे एस्कलांटे हा स्पॅनिश धर्मोपदेशक १७७६ मध्ये सांता फेहून कॅलिफोर्नियाची वाट शोधत निघाला होता. तो या खोऱ्यात कधी आलाच नाही. नाव मात्र त्याचं राहिलं.

१८७६ मध्ये कुटुंबं आली. पहिली घरं म्हणजे जमिनीत खणलेले खड्डे, वर फांद्या आणि माती. त्याच वर्षीच्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी होती आणि या लोकांकडे झेंडाच नव्हता. त्यांनी नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या विणकरांची पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी काठीला बांधून फडकवली. या गावाबद्दल मला जे जे कळलं त्यात हे सगळ्यात मनात राहिलं. ज्यांच्या हातची ती घोंगडी, त्यांना त्या देशाचं नागरिकत्व मिळायला पुढं जवळजवळ अर्धं शतक लागायचं होतं.

दुपारी गावाबाहेर एका शेताच्या बांधावर सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी भेटले. शेतात लसूणघास, कापून भारे बांधायला आलेला. चाकांवर सरकणारी तुषार सिंचनाची लांब नळी एका कडेला उभी होती. लेकीनं माझी ओळख करून दिली, हे भारतात कालव्यावर अधिकारी होते. त्या माणसाचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी मागं सारली आणि अर्धा तास आम्ही फक्त पाण्यावर बोललो, लेक मध्ये दुभाषी.

त्यांनी सांगितलं, तुषार नळ्या येण्याआधी पाटाचं पाणी तासांवर वाटलेलं असे. ज्याच्या पूर्वजांनी पाट खणायला जेवढी मेहनत दिली तेवढा त्याचा हिस्सा, आणि हिश्शाप्रमाणे तास. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला कंदील आणि फावडं घेऊन जायचं. लहानपणी वडील त्यांना पाळीला सोबत नेत, दार उघडेपर्यंत ते बांधावर झोपत. मी म्हणालो, मीही. फक्त आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत गहू भिजवायचा असायचा, आणि शेकोटी उसाच्या पाचटाची.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आधी पाणी कुणाला? इथं नदीवरचा कायदा असा की जो आधी आला त्याचा हक्क आधी. पाणी कमी पडलं तर नंतर आलेल्याचं दार बंद. मी त्यांना शेजपाळी समजावली. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज कसा भरायचा, आवर्तन कसं सुटतं, आणि पाणी टेलपासून हेडकडे कसं द्यायचं, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा माणूस आधी भिजवतो आणि पाणी मग वर वर सरकतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, काढून दाखवा. मी धुळीत काडीनं चारी काढली, दारं काढली, आकडे टाकले. ते गुडघ्यावर बसून पाहत होते. कागदावर असतं तसं प्रत्यक्षात नेहमी होत नाही, हेही मी सांगितलं. माझ्या वडिलांची जमीन टेलला होती आणि कितीतरी उन्हाळे आमच्यापर्यंत पाणी पोहोचलंच नाही. मी खात्यात गेलो तो त्यामुळंच. हे लेकीलासुद्धा मी कधी सांगितलं नव्हतं. तिनं भाषांतर करता करता माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या आजोबांच्या काळात गावात मेंढरं आणि गुरं अमाप झाली. डोंगर चरून चरून बोडका झाला आणि मग पुराचे लोंढे येऊ लागले, नदीचं पात्र खोल चिरत गेलं, पाटाची तोंडं वाहून गेली. गावाजवळचं वाइड हॉलो धरण १९५० च्या दशकातलं. ते नदीवर नाही, बाजूच्या खोलगटात आहे, कालव्यानं भरतात. संध्याकाळी आम्ही त्याच्या काठी गेलो. शेजारीच दगड झालेल्या प्राचीन झाडांची वनराई आहे. हिला ती फार आवडली. मी सांडवा पाहत बसलो.

चौथा दिवस: कातळातली फट

गावाच्या पूर्वेला पाच मैलांवर एक कच्चा रस्ता दक्षिणेला फुटतो, होल-इन-द-रॉक रोड, म्हणजे कातळातल्या फटीकडे जाणारा. पन्नासहून अधिक मैल नुसती माती आणि खडे, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटा. डेव्हिल्स गार्डनच्या दगडी कमानी पाहून आम्ही डान्स हॉल रॉकपर्यंत पोहोचलो. पुढं ढग काळे दिसले. ओल्या मातीत गाडी अडकली तर मदत दिवसभर मिळत नाही, म्हणून तिथूनच परतलो. शेवटच्या टोकाची ती फट काही पाहता आली नाही.

१८७९ च्या हिवाळ्यात सुमारे अडीचशे मॉर्मन माणसं ८३ गाड्या घेऊन याच वाटेनं गेली. त्यांना सॅन हुआन नदीकाठी नवी वसाहत करायची आज्ञा झाली होती. तीन-चार वर्षांचं एस्कलांटे हे वाटेतलं शेवटचं गाव. जवळची वाट म्हणून ते इकडे वळले आणि सहा आठवड्यांच्या प्रवासाला सहा महिने लागले. पुढं कोलोरॅडोचा हजार फुटांचा कडा, मागं डोंगरात बर्फ पडून परतीची वाट बंद. कड्याला एक अरुंद फट होती. सुरुंगाची दारू, छिन्न्या आणि हातोडे घेऊन ते कित्येक आठवडे ती फट रुंद करत राहिले. बेन पर्किन्स हा वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, सुरुंग लावायचं ज्ञान त्याच्याकडे. एके ठिकाणी खालची वाट जमेना, तेव्हा त्यांनी कातळाच्या भिंतीत ओळीनं भोकं पाडून ओकचे खुंट ठोकले, त्यावर लाकडं, काटक्या, दगड रचले आणि हवेत तरंगता रस्ता केला. गाडीचं एक चाक कातळावर, दुसरं खुंटांवर.

फट रुंद होत असताना काही काळ त्यांचा तळ इथंच, फोर्टी माइल स्प्रिंगच्या झऱ्यापाशी होता. डान्स हॉल रॉक हा कमानीसारखा आत वळलेला प्रचंड खडक आहे, खाली सपाट दगडी अंगण. थंडीच्या रात्री लोक तिथं फिडल वाजवून नाचत. आत उभं राहून मी हळूच टाळी वाजवली, आवाज घुमून परत आला. हिनं विठ्ठलाचा एक अभंग म्हटला, अगदी खालच्या आवाजात. आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. तिचा आवाज त्या खडकानं इतका भरून दिला की लेक डोळे पुसत बाहेर गेली.

२६ जानेवारी १८८० ला गाड्या फटीतून उतरल्या. चाकांना साखळ्या, मागून दोरखंड ओढून धरणारी माणसं. स्टॅन्फर्ड स्मिथ दिवसभर इतरांच्या गाड्या उतरवायला राबला आणि शेवटी पाहतो तर त्याचीच गाडी वर राहिलेली, मदतीला कुणी नाही. त्याच्या बायकोनं, अॅराबेलानं, तीन मुलांना वर गोधडीवर बसवलं, धाकटं तान्हं त्याच्या भावाच्या मांडीत दिलं, आणि मागं बांधलेल्या घोड्याची दोरी धरून ती स्वतः गाडी रोखायला लागली. उतारावर ती फरफटत गेली, दगडांनी पाय फाटला. गाडी खाली पोहोचली. मग नवरा मुलांना आणायला पुन्हा तो कडा चढला.

त्या सगळ्या प्रवासात एकही माणूस दगावला नाही. उलट वाटेत बाळं जन्मली. ६ एप्रिलला ती माणसं ठरलेल्या जागेच्या थोडं अलीकडेच थांबली, कारण पुढं जायचं त्राण ना जनावरांत होतं ना माणसांत. तिथं वसलं ते ब्लफ गाव. फटीच्या तळाशी आज लेक पॉवेल या जलाशयाचं पाणी आहे. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाची दारं बंद झाली आणि त्या वाटेचा खालचा भाग बुडाला. धरणात बुडालेल्या वाटा मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस, पिंपळाचा बुंधा वर येतो. त्यांचीच आठवण परतीच्या वाटेवर येत राहिली.

पाचवा दिवस: बोल्डर

एस्कलांटेहून बोल्डर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. रस्ता पांढऱ्या-पिवळ्या गुळगुळीत खडकांवरून नदीत उतरतो, काफ क्रीकवरून चढतो आणि हॉगबॅक नावाच्या धारेवरून जातो, जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थेट दरी. हिनं डोळे मिटून घेतले.

बोल्डरला मोटारीचा रस्ता इतका उशिरा आला की १९३० च्या दशकापर्यंत टपाल खेचरांवरून येत असे. दुधाची सायही खेचरांवरच बाहेर जाई. उन्हात ती आंबून फुगे आणि डब्यांची झाकणं उडत. गावात पहिली मोटार आली तीही सुटी करून, खेचरांच्या पाठीवर लादून, आणि गावात पुन्हा जोडली गेली. वीज आली १९४७ मध्ये.

रस्ता केला तो मंदीच्या काळातल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सुरू केलेली ही योजना. बेकार तरुणांना महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी पाठवायचे. १९३३ मध्ये त्यांनी हेल्स बॅकबोन नावाच्या भयानक धारेवर पूल टाकला, पण ती वाट हिवाळ्यात बर्फानं बंद पडे. खालचा, बारमाही रस्ता १९४० मध्ये झाला.

हे ऐकताना मी बाहत्तर सालात गेलो. मी तेव्हा सोळा वर्षांचा. दुष्काळी कामावर आई खडी फोडायची, मी पाट्या वाहायचो. दुपारी सुकडी मिळे. आणि रेशनवर मिळायचा लाल मिलो. त्याची भाकरी थापता येत नसे, घशाखाली उतरत नसे, पण तीच खाऊन आम्ही जगलो. तो मिलो अमेरिकेतून आलेला होता. आज त्याच देशात, इथल्या उपाशी पोरांनी फोडलेल्या दगडांच्या रस्त्यावरून मी लेकीच्या गाडीत बसून चाललो होतो. मी तिला गाडी थांबवायला सांगितली. उतरून रस्त्याच्या कडेच्या दगडी बांधाला हात लावला.

बोल्डरमध्ये एक सरकारी संग्रहालय आहे. त्याच्या अंगणातच जुन्या गावाचा पाया उघडा करून ठेवला आहे. साधारण १०५० ते १२०० या काळात प्यूब्लो या मूळ रहिवासी लोकांचे पूर्वज इथं राहत, मका, घेवडा, भोपळा पिकवत. म्हणजे आपल्याकडे कल्याणीचे चालुक्य आणि मग देवगिरीचे यादव असताना इथं गाव नांदत होतं. आणि त्याही मागं जायचं तर एस्कलांटेजवळच्या नॉर्थ क्रीकच्या कपारीत सापडलेल्या दगडी पाट्यांवर रानबटाट्याच्या पिठाचे कण मिळाले आहेत, जवळपास अकरा हजार वर्षांपूर्वीचे. २०१७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तो बटाटा अजून तिथं उगवतो. आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात बाया करांदे, कंद खणून आणतात, तशाच कुणी बाया इथं काठीनं बटाटे खणत असतील.

म्हणून 'ओसाड वाळवंट वसवलं' हे वाक्य मला मान्य होत नाही. इथले झरे पायूट लोकांचे होते. ज्या गवताचं बी ते वेचून खात, ते वसाहतवाल्यांच्या गुरांनी संपवलं. झरा गेला, बी गेलं, मग त्यांच्या हाती मजुरी तेवढी राहिली. १९५४ मध्ये सरकारनं युटातल्या पायूटांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली, ती परत मिळाली १९८० मध्ये. पाट खणणाऱ्यांची मेहनत मला वंदनीय आहे, आणि तो पाट कुणाच्या पाण्यावर खणला हेही तितक्याच ठळकपणे गावाच्या फलकावर असायला हवं. धरणग्रस्तांच्या फायली मी हाताळल्या आहेत. लाभक्षेत्राचा नकाशा भिंतीवर लागतो, बुडीतक्षेत्राचा कपाटात जातो.

संध्याकाळी एस्कलांटेला परतलो तेव्हा शाळेवरून गेलो. १९४० च्या सुमारास या गावात साडेअकराशेवर माणसं होती. मग तरुण बाहेर गेले, लाकडाची गिरणी बंद पडली. सप्टेंबर १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आसपासचा सतरा लाख एकर मुलूख राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित प्रदेश, म्हणून जाहीर केला, तोही शेजारच्या अॅरिझोना राज्यात उभं राहून. कोळशाची खाण येईल म्हणून आशा लावून बसलेल्यांना तो घाव वाटला, त्या दऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांना दिलासा. २०१७ मध्ये स्मारकाची हद्द जवळपास निम्मी झाली, २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत. आमच्या मुक्कामाच्या घरमालकीणबाई पर्यटकांवर संसार चालवतात आणि त्यांचे दीर गुरं पाळतात. दोघं हा विषय जेवणाच्या टेबलावर काढत नाहीत.

शाळेचा पट १९९६ मध्ये दीडशेच्या आसपास होता, २०१५ मध्ये पन्नासावर आला, तेव्हा काउंटीनं चक्क आणीबाणी जाहीर केली. मला ते फार योग्य वाटलं. आपल्याकडे वाडी-वस्तीवरच्या शाळा पट कमी म्हणून एका परिपत्रकानं बंद होतात, आणि कुणाला ती आणीबाणी वाटत नाही. घरं विकली जातात, पण सुट्टीत येणाऱ्यांना. मुलं वाढवणाऱ्याला ती परवडत नाहीत. कोकणातल्या बंद घरांबद्दल जे ऐकतो, तेच.

सहावा दिवस: परत

बोल्डरवरून टोरीमार्गे घरी लवकर पोहोचलो असतो. मी हट्ट धरला, आल्या वाटेनंच जायचं. निघताना बांधावरचे ते शेतकरी दिसले, भारे लादत होते. त्यांनी हात वर केला, आणि मग त्याच हातानं हवेत खालून वर रेघ ओढून दाखवली, टेलकडून हेडकडे.

आभाळ स्वच्छ होतं. मॉसी केव्हच्या पायवाटेवर पाण्याचा एक सरळ तुकडा निवडला. पावलांनी वीस फूट मोजून दोन दगड ठेवले. रुंदी चार फूट, काठीनं खोली घेतली तर नऊ इंच. लेक खालच्या दगडापाशी फोनमधलं घड्याळ धरून उभी राहिली. ती सात-आठ वर्षांची असताना ओझरच्या कालव्यावर मी तिला हे शिकवलं होतं, तेव्हा ती मनात आकडे मोजायची. मी पिवळं पान सोडलं.

"सुटलं!"

"आलं! सहा सेकंद."

तीनदा केलं. वरचं पाणी खालच्यापेक्षा वेगानं पळतं म्हणून ०.८५ नं गुणायचं असतं, ते तिच्या लक्षात होतं. माझ्याआधी तिनंच उत्तर सांगितलं. मी खिशातली डायरी काढली आणि कालव्यावर लिहायचो तशीच ओळ लिहिली: ट्रॉपिक पाट, मॉसी केव्हजवळ, सकाळी ११.१०, अंदाजे साडेआठ क्युसेक.